म्हाताऱ्याला बांधलेला सूर्य

सुचेता म्हसकर 'लाइटिंगचं' करते, हे भाईंदर पश्चिमेच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. लाइटिंगचं म्हणजे नेमकं काय, ते मात्र एकालाही नाही. त्यामुळे गणपती जवळ आले की सेक्रेटरी हक्काने बेल वाजवायचे, "मॅडम, यंदा मखराला तुमच्याकडनं काहीतरी होऊन जाऊ दे!" जिन्यातली ट्यूब फडफडायला लागली की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वरूनच हाक मारायच्या. पहिल्या वर्षी तिने जीव तोडून समजावलं, की मी कॉम्प्युटरवरच्या कार्टूनमधल्या माणसांवर उजेड पाडते, खऱ्या वायरला हात लावत नाही. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अर्थिंगचं तुम्हाला जमत नाही?" तेव्हापासून तिने नाद सोडला.

बाहेरच्यांचं काय घेऊन बसलात, खुद्द तिच्या वडिलांना तरी कुठे कळत होतं! सुभाषराव विमा कंपनीतून रिटायर झालेले. कुणी विचारलं की सांगायचे, "मुलगी कार्टूनच्या लायनीत आहे. दिवे लावते," आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसायचे. आई, म्हणजे मनोरमाबाई, जाऊन काही वर्षं झाली होती. आता घरात ही दोघंच.

घर तळमजल्यावरचं. गिरगावातली चाळीतली खोली सोडून इथे आले तेव्हा समोर मोकळं मैदान होतं. मग तिथे दुसरी सोसायटी उठली, आणि म्हसकरांच्या हॉलची खिडकी आणि त्या सोसायटीची भिंत यांच्यामध्ये एक मांजर जेमतेम जाईल एवढी जागा उरली. भर दुपारी पेपर वाचायचा तर ट्यूब लावायची. आणि ही सुचेता, दिवसभर स्क्रीनवर दिवे लावून आलेली, घरी मात्र तिला जास्तीचा एक दिवा बघवत नसे. येता-जाता बटणं बंद करत हिंडायची. कितीदा तरी सुभाषराव हॉलमध्ये बसलेले असताना तिने ट्यूब घालवली होती. "अगं, आहे मी!" असा आवाज अंधारातून यायचा. "सॉरी बाबा," म्हणून ती परत लावायची, "जेवलात ना?" विचारायची आणि आपल्या खोलीत जायची. एवढंच बोलणं व्हायचं. त्यात भांडण नव्हतं, राग नव्हता. वेळ नव्हता, असं ती म्हणायची.

तिचा स्टुडिओ भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांवरच्या माळ्यावर. खाली दिवसभर पातेल्यांना पॉलिश चालायचं आणि वर त्या घर्र घर्र आवाजात परदेशातल्या मुलांसाठी ससे-अस्वलं नाचायची. मालक नॅथन, उत्तनचा. त्याच्या बापाची बोट होती, याने कॉम्प्युटर घेतले. गेल्या वर्षी परदेशातली कामं आटली, ससे-अस्वलं घरी बसली, आणि नॅथनने बिल्डर जितूभाईंचं काम घेतलं. मुर्ध्याला खाडीच्या बाजूला टॉवर उठत होता. नाव 'सूर्यमुखी इम्पीरिया'. त्याची फिल्म करायची होती. एक आजोबा सकाळी उठतात, देवाला नमस्कार करतात, बाल्कनीत बसून चहा पितात. बस. फ्लॅट खपले पाहिजेत.

पहिला नमुना बघायला जितूभाई स्वतः जिना चढून आले. स्क्रीनकडे बघून त्यांचं तोंड कडू झालं.

"मॅडम, हे आजोबा गरीब वाटतात. माझ्या टॉवरमधी गरीब आजोबा राहत नाय."

"गरीब नाहीत हो, उजेड एका बाजूने आहे म्हणून सुरकुत्या दिसतायत. थांबा, दाखवते."

आता हे सुचेताचं राज्य. तिने दिवा आजोबांच्या हनुवटीखाली नेला. जितूभाई खुर्चीत मागे सरकले, "बापरे, ये तो खूनी लगता है!" तिने दिवा डोक्यावर नेला. डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचला. "अरे, हे वारले काय?" मग तिने दिवा पुन्हा बाजूला नेला आणि अर्धा चेहरा पूर्ण काळोखात बुडवला. नॅथन मागून हळूच म्हणाला, "आता बिल्डर वाटतात." नशीब, खालच्या पॉलिशच्या आवाजात ते जितूभाईंना ऐकू गेलं नाही. शेवटी तिने समोरून एक मोठा मऊ उजेड दिला, मागून केसांच्या कडेला सोनेरी रेघ ओढली, डोळ्यांत पांढरा ठिपका ठेवला. तोच चेहरा, तेच नाक, एक सुरकुती इकडची तिकडे केली नव्हती. तरी आजोबा एकदम कुणीतरी झाले. दोन शब्द बोलायला लोकांनी हात जोडून बोलवावं असे.

"हां!" जितूभाई उठून उभे राहिले. "आता कसे जजसाहेब वाटतात!"

महिनाभर ती त्या आजोबांच्या मागे होती. आजोबांचा सांगाडा नेटवरून आयता विकत घेतलेला, मूळचा कुठल्यातरी गोऱ्या देशातला. त्याला मराठी चष्मा आणि झब्बा चढवला होता. तरी काहीतरी कमी पडत होतं. मग एक दिवस तिने कान मोठे करून घेतले, पाळ्या जरा सुट्या ठेवल्या आणि मागचा उजेड त्यांतून आरपार जाऊ दिला. कान लालसर झळाळले आणि तो बाहुला श्वास घेतोय असं वाटायला लागलं. कानातून उजेड आला की माणूस जिवंत वाटतो, एवढं तिला धंद्याने शिकवलं होतं. पण हेच कान आपल्याला कसे सुचले, याचा तिने विचार केला नाही. डेडलाइन होती.

आणि जितूभाई काही पिच्छा सोडत नव्हते. "आजोबा बेडरूममधनं निघाले तर अंधारात का गेले?"

"आत आहेत ना ते. सूर्य बाहेर असतो."

"तो सूरज को अंदर लो ना! आपलं कॉम्प्युटर आहे, कोणाच्या बापाचं काय जातं?"

सुचेताने कपाळाला हात लावला आणि मग तोच हात माउसवर ठेवून सूर्य चक्क आजोबांना बांधून टाकला. कॉम्प्युटरमध्ये एक वस्तू दुसरीला बांधता येते. आता आजोबा जिकडे, तिकडे सूर्य. देवघरात ऊन, बाथरूमच्या दारात ऊन. "लिफ्टमधी ऊन?" नॅथन म्हणाला, "आमच्या उत्तनला उघड्या दर्यावर एवढं ऊन न्हाय!" मग जितूभाईंना संध्याकाळही हवी झाली, आणि तीही त्याच बाल्कनीत. सकाळी तिथेच उगवलेला सूर्य संध्याकाळी तिथेच मावळला. सुचेताला यात काही वाटलं का? खोटं कशाला बोला, काही वाटलं नाही. काम होतं, तिने केलं, मन लावून केलं.

आणि मग एका गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तर सुभाषराव चक्क दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"सुचे, घर बघितलं!"

बिल्डरने मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला एसी बसमधून नेलं होतं. ढोकळा, चहा, एसी हॉल, भिंतभर पडदा. ते सांगत होते आणि सुचेता त्यांच्या हातातल्या गुळगुळीत पुस्तिकेकडे बघत होती. मुखपृष्ठावर तिचे आजोबा.

"दोन्ही वेळचं ऊन गं! सकाळचं पण, संध्याकाळचं पण, एकाच बाल्कनीत!"

"बाबा, एकाच बाल्कनीत दोन्ही वेळा ऊन कसं येईल?"

"प्लॅनिंग!" सुभाषराव बोट वर करून म्हणाले. "आता टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेलीय."

"अहो बाबा, ते ऊन मी लावलंय. ती फिल्म आमच्या स्टुडिओने केलीय."

सुभाषराव पोट धरून हसले. "तू? तुला बाथरूमचा बल्ब बदलता येत नाही, आणि तू मुर्ध्यात सूर्य लावलास? अगं, ती फिल्म कॉम्प्युटरने बनवलीय. सांगितलं ना त्यांनी. माणसाने केली असती तर चुकलीबिकली असती."

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. टोकन देऊन झालं होतं. हे घर घ्यायला एक पार्टी तयार होती. सह्या रविवारी. टॉवर उभा राहीपर्यंत भाड्याने कुठेतरी राहायचं. म्हणजे रविवार उलटला की सुभाषरावांची आयुष्यभराची कमाई असलेलं हे अंधारं का होईना पण स्वतःचं घर जाणार, आणि बदल्यात हाती येणार ते सुचेताने लावलेलं ऊन.

"आणि गंमत सांगू?" जेवताना ते म्हणाले. "ग्रुपमधले सगळे मला चिडवत होते. म्हसकर, हा म्हातारा तर तूच!" पुस्तिका त्यांनी पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर उभी केली होती. ती बाजूला करायची हिंमत सुचेताला झाली नाही.

शनिवारी सकाळी तिने रजा घेतली आणि वडिलांना रिक्षाने मुर्ध्याला नेलं. म्हटलं, जागेवरच दाखवू. जागेवर एक मोठा खड्डा, पलीकडे तिवरांची झाडी, त्यापलीकडे खाडी, आणि पूर्वेला याच जितूभाईंचा पहिला टॉवर आभाळाला टेकलेला. सेल्स ऑफिसमधून ॲलिशा नावाची मुलगी कोट घालून छत्री घेऊन धावत आली. सुचेताने मोबाइलवर होकायंत्र उघडलं.

"बघा बाबा, बाल्कनी इकडे, म्हणजे उत्तर. उत्तरेला ऊन जवळजवळ येतच नाही. आणि पूर्व तर त्या टॉवरने झाकलीय."

ॲलिशा गोड हसली. "मॅम, इथे मोबाइलचा कंपास चुकतो. पूर्वी मिठागरं होती ना, जमिनीत सॉल्ट आहे."

"मीठ आहे ना," सुभाषराव समजूतदारपणे म्हणाले. शाळेत भूगोल घोकलेला हा माणूस, पण मिठावर त्याचा लगेच विश्वास बसला. वर टळटळीत ऊन होतं, कपाळावरून घाम गळत होता, ॲलिशा त्यांच्या डोक्यावर छत्री धरत होती. तर हे तिलाच सांगतायत, "राहू दे गं पोरी. सुचे, बघितलंस? किती ऊन आहे इथे!"

"अहो, इथे अजून भिंतीच नाहीत!" सुचेता ओरडली. खड्ड्यातल्या मजुरांनी वर बघितलं. सुभाषरावांचा चेहरा पडला.

"तुला ना, माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणाले. दोघं परत रिक्षात बसले. राईपाशी रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा सुचेताने ड्रायव्हरला सांगितलं, "भैया, घर नहीं. ईस्ट लेना, स्टील वाले गाले के पास."

इतक्या वर्षांत सुभाषराव तिच्या स्टुडिओत कधी आले नव्हते. त्यांनी विचारलं नव्हतं, तिने बोलावलं नव्हतं. नॅथनने खुर्ची दिली, चहा मागवला आणि बापलेकींचे चेहरे बघून काहीतरी काम आठवल्यासारखा खाली निघून गेला.

सुचेताने फाइल उघडली. पडद्यावर आजोबा आले, कपबशी हातात, सोनेरी कडा, डोळ्यांत चमक. सुभाषराव ओळखीचं माणूस भेटावं तसे पुढे सरकले.

"आता बघा." तिने एक बटण दाबलं. केसांवरची सोनेरी रेघ गेली. दुसरं दाबलं, डोळ्यांतला ठिपका गेला. मग समोरचा मऊ उजेड. मग कानामागचा. प्रत्येक वेळी सुभाषरावांच्या तोंडून नकळत "अगं" निघत होतं. शेवटी तिने आजोबांना बांधलेला सूर्य सोडवला आणि घालवला. पडदा काळा झाला.

"हा खरा सूर्य," ती म्हणाली. तिने गावाचं नाव टाकलं, मुर्धा. महिना टाकला, सकाळची वेळ टाकली. कॉम्प्युटरने सूर्य जिथे असायला हवा तिथे नेऊन ठेवला. मग तिने पूर्वेला एक साधा उंच ठोकळा उभा केला, जितूभाईंचा पहिला टॉवर. पडद्यावर करडा उजेड आला, पावसाळ्यात घरातच वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर पडतो तसा. त्यात एक म्हातारा बसलेला होता. झब्बा चुरगळलेला वाटत होता, पाठीला पोक वाटत होतं. तोंड समोर होतं, पण त्याच्याकडे कुणी बघावं असं काही त्यात उरलं नव्हतं.

सुचेता जिंकली होती. आता बाबा काय म्हणतात म्हणून तिने वळून बघितलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. सुभाषरावांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"सुचे," ते म्हणाले, "मी घरी असाच बसलेला दिसतो ना गं?"

सुचेताने माउसवरचा हात काढून घेतला.

"लाव बघू परत ते दिवे. एकेक लाव."

तिने लावले. सांगत गेली. हा केसांवर, म्हणजे माणूस मागच्या भिंतीपासून सुटा होतो. हा समोरून, म्हणजे सुरकुत्या दुखऱ्या दिसत नाहीत. हा ठिपका डोळ्यांत, हा नसला तर माणूस मेलेला वाटतो. आणि हा कानामागून. बोलता बोलता ती थांबली. पडद्यावर कान लाल झाले आणि तिला गिरगावची गॅलरी दिसली. सकाळचं ऊन, ते पाठीवर घेत पेपर वाचणारे बाबा, आणि त्यांच्या मांडीवर बसून त्यांचे लाल लाल कान चिमटीत धरून बघणारी चार वर्षांची ती. नेटवरून आणलेल्या परक्या म्हाताऱ्याला तिने बापाचे कान लावले होते, आणि तिला पत्ताच नव्हता.

"हे कान तुमचे आहेत, बाबा."

"ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं," सुभाषराव म्हणाले. "आरशात बघतो की रोज." मग त्यांनी विचारलं, "किती दिवस करत होतीस हे?"

"महिनाभर."

"म्हणजे महिनाभर तू या म्हाताऱ्याकडे बघत बसली होतीस."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उलट उत्तर तरी देता आलं असतं.

"नको ते घर," सुभाषराव उठत म्हणाले. "मला वाटत होतं मला ऊनच हवंय."

रविवारी सह्या झाल्या नाहीत. सुभाषरावांनी टोकनवर पाणी सोडलं आणि सकाळी वॉकला जाऊन ग्रुपमधल्या चौघांना, ज्यांनी बुकिंग केलं होतं, सगळं समजावून सांगितलं. उत्तर दिशा, टॉवर, बांधलेला सूर्य. चौघांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांची पाठ वळताच एकमेकांना सांगितलं, "म्हसकरांना परवडत नाहीये, दुसरं काय!" तिकडे फिल्म इतकी चालली की जितूभाई पेढे घेऊन स्टुडिओत आले. पुढच्या टॉवरला त्यांना चंद्र हवा होता, बारा महिने पौर्णिमेचा. सुचेताने नाही म्हटलं. नॅथनने हो म्हटलं, कारण गाळ्याचं भाडं काही सुचेताच्या पश्चात्तापावर निघत नव्हतं. त्यावर ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, आणि नॅथनने एका नव्या मुलाला चंद्र शिकवायला घेतला.

त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. सुचेता लवकर घरी आली. हॉलमध्ये ट्यूब चालू होती. खांद्यावरची पर्स न काढता सवयीने तिचा हात बटणाकडे गेला आणि ट्यूब गेली.

"अगं, आहे मी!"

तिचा हात बटणावरच राहिला. भिंतीआडून झिरपून येणाऱ्या करड्या उजेडात सुभाषराव खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर. तिने पर्स ठेवली, स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. नुसती बघत राहिली. नाक, चष्म्याचा वण, खुरटी पांढरी दाढी, सुट्या पाळ्यांचे मोठे कान.

"काय गं? काय झालं?" ते बावचळले.

"काही नाही. थांबा, लावते दिवा."

ती उठायला लागली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे. दिसतोय ना मी तुला?"

"दिसताय, बाबा."

"मग बस की जरा."